एका हाताचा पीळ

ओमप्रकाश होलेच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये काय चाललंय, हे गल्लीत कोणालाच धड माहीत नव्हतं. आणि माहीत नाही म्हणून बोलायचं थांबेल तर ती अमरावतीची गल्ली कसली! कोणी म्हणे, हा माणूस शेवयांची मशीन काढून राहिला. कोणी म्हणे, पिठाची गिरणी. समोरचे रिटायर मास्तर तर छातीठोकपणे सांगत, की होले घरच्या घरी वीज बनवून राहिला, म्हणून लाइट गेली तरी त्याच्याकडे उजेड असतो. आता ज्याचं इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे त्याच्या घरी उजेड नाही राहणार तर कोणाच्या राहील? पण मास्तरांना कोण समजावणार.

तर तो होता लेथ. लाकूड फिरवून गोल घडवायचं यंत्र. खराद्याकडे असतं तेच, फक्त ओमप्रकाशचं कॉम्प्युटरवर चालायचं. भंगारातून आणलेल्या दोन लोखंडी चॅनलवर त्याने ते उभं केलं होतं. लाकूड भराभर फिरवून गोल करायला वॉशिंग मशीनची मोटर, आणि पीळ काढायचा असला की तेच लाकूड हळूहळू फिरवायला मेलेल्या झेरॉक्स मशीनमधली छोटी मोटर. लाकडाच्या बाजूने एक गाडा आट्यांच्या लांब सळईवरून सरकायचा, आणि त्या गाड्यावर किंचाळत फिरणारं पातं. लाकूड किती फिरलं म्हणजे गाडा किती सरकेल, एवढा हिशेब कॉम्प्युटर ठेवायचा. त्या हिशेबातून लाकडावर वेणीसारखा पीळ उमटायचा, वरपासून खालपर्यंत, एका लयीत. पहिल्यांदा तो पीळ नीट उमटला तेव्हा ओमप्रकाश शेडमध्ये एकटाच टाळ्या वाजवत होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस, अंगभर भुसा, आणि टाळ्या! आरतीने, त्याच्या बायकोने, खिडकीतून पाहिलं आणि देवाला हात जोडले.

तिचा राग वेगळाच होता. चाचणी म्हणून या माणसाने तिचं लाटणं यंत्रावर चढवलं होतं आणि त्याच्यावर नखभर खोल पीळ काढून ठेवला होता. वर तिलाच विचारतो, "कसं झालं?"

"कसं झालं म्हंजे? पोळीवर चट्टे पडून राह्यले ना! पोळी हाये का वाघ हाये, समजत नाई."

"मंग उलटं धरून लाट."

"धरलं ना उलटं. कसंबी धरा, चट्टे एकाच अंगानं पडते."

ओमप्रकाश हसला. बायकांना यंत्रातलं काय समजतं, असं तो उघड बोलला नाही, पण हसण्यात ते होतंच. हे हसणं पुढे त्याच्या चांगलं अंगलट यायचं होतं.

खरी काळजी होती ती आईची. जयवंताबाई अंजनगाव सुर्जीच्या पुढे, वावरातल्या घरात एकट्या राहायच्या. झेंडू, शेवंती, थोडं माळवं. सगळं आयुष्य फुलं तोडण्यात आणि हार ओवण्यात गेलेलं. गुडघे गेले, नजर कमी झाली, पण घर सोडायचं नाव नाही. मागच्या हिवाळ्यात त्या न्हाणीजवळ पाय घसरून पडल्या आणि दूधवाला येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. डॉक्टरांनी साफ सांगितलं, यांना आता एकटं ठेवू नका. ओमप्रकाशने विनवण्या केल्या. अकोल्याहून त्याची मोठी बहीण दीपमाला गेली, ती रागावली, रडली, दोन दिवस जेवली नाही. म्हातारी ढिम्म. "मी माह्या झाडाखाली बरी हावो," म्हणायची.

ते झाड म्हणजे बांधावरचं शिसम. त्याच्या सावलीत बसून जयवंताबाईंनी अख्खी हयात हार ओवले. त्याच्याच फांदीला त्यांनी पोरांसाठी झोका बांधला होता. दुपारी हार ओवता ओवता एका पायाने झोका द्यायच्या.

मग उन्हाळ्यात अवकाळी वादळ आलं आणि ते झाड मुळासकट आडवं झालं. ओमप्रकाश पोचला तेव्हा आई पडलेल्या खोडावर हात ठेवून बसलेली. आता काय समजूत काढावी, असा विचार करत तो जवळ गेला, तर म्हातारीनेच तोंड उघडलं.

"याची बंगई कर."

"काय?"

"बंगई रे, बंगई! झुलाची. तुह्या घरी टांग. माह्या झाडाच्या बंगईवर बसाले भेटन त येतो मी अमरावतीले." आणि बोट उगारून पुढे, "अन् वंगाळ झाली त उलट्या पावली वापस जातो. सांगून ठेवतो."

ओमप्रकाशला त्या क्षणी काय वाटलं असेल? इतकी वर्षं जे पाया पडून मिळालं नाही, ते झाड पडून मिळत होतं. त्याने तिथल्या तिथे कबूल केलं. इतकंच नाही, बोलण्याच्या भरात हेही कबूल केलं, की बंगईचे, म्हणजे त्या झोपाळ्याचे, दांडे मी स्वतः माझ्या मशीनवर करीन.

आरा मशीनवर खोड चिरलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. आतून झाड पोखरलेलं. किड्यांनी पोटात नुसता भुगा करून ठेवला होता. धड लाकूड निघालं ते एका पाटापुरतं आणि चार कोपऱ्यांच्या चार दांड्यांपुरतं. पाचवा दांडा निघाला नाही. फळ्या उलटून पालटून पाहिल्या, तुकडे जोडून पाहिले. नाहीच.

दीपमालाचा फोन आला. तिची जीभ म्हणजे मिरचीच.

"ओमा, ते लाकूड इकडं अकोल्याले पाठव. इथं चांगला कारखाना हाये. तुह्या त्या खेळन्यावर नको चढवू."

"खेळनं नाई ते, ताई."

"मंग काय हाये? तुहं लाटनं पाह्यलं मी, आरतीनं फोटो पाठवला." मग तिचा आवाज बदलला. "हे पाय, त्या झाडाचं लाकूड पुन्हा भेटनार नाई. तू ते वाया घातलं त आई येनार नाई. अन् तिथं एकटी असताना तिचं काही बरंवाईट झालं, त मी तुले जल्मात माफ करनार नाई. समजलं?"

समजलं होतं. फार नीट समजलं होतं. पण आईला शब्द दिलेला, आणि आई म्हणाली होती "याची बंगई कर", कारखान्यात करून आण असं म्हणाली नव्हती. शेवटी दीपमालाने हट्ट सोडला, पण एक फोटो पाठवला. कुठल्याशा शोरूममधली बंगई. उजवीकडच्या दांड्यांचा पीळ एका अंगाला वळलेला, डावीकडच्यांचा दुसऱ्या. दोन बाजू एकमेकींकडे पाहत असल्यासारख्या. "आईले दाखवला. मान डोलावली तिनं. समोरासमोर पीळ पायजे. दोन सुलटे, दोन उलटे."

"सोप्पं हाये," ओमप्रकाश म्हणाला.

आता इथे या शहाण्याने जे केलं ते नीट ऐका. कॉम्प्युटरला एक उणे चिन्ह दिलं असतं तर पीळ उलटा निघाला असता. दोन दांडे असे, दोन तसे, विषय संपला. पण प्रत्येक नवीन आकडा म्हणजे नवीन धोका, आणि लाकूड तर मोजून चारच तुकडे. त्याने विचार केला, एकदा बसलेला हिशेब कशाला हलवा? चारही दांडे एकाच हिशेबावर काढू. वर-खाली दोन्ही टोकांना सारखेच गोल लट्टू ठेवू. मग बसवताना त्यातले दोन उलटे बसवायचे. दांडा उलटा केला की पीळ उलटा! स्वतःच्या अकलेवर तो इतका खूश झाला, की मास्तरांना गेटवर गाठून त्याने हे समजावून सांगितलं. मास्तरांनीही "वा, होले, वा" म्हटलं. मास्तर गणिताचे होते, हे लक्षात असू द्या.

पहिला दांडा यंत्रावर चढवला त्या सकाळी त्याने चहा घेतला नाही. हात थरथरेल म्हणून. पातं लाकडाला लागलं आणि शिसमाचा गोडसर वास शेडभर पसरला. तपकिरी भुसा मनगटावर साचत होता आणि तो गाड्याकडे असा टक लावून पाहत होता, की आरतीने दोनदा हाक मारली ती त्याला ऐकूच गेली नाही. दुसऱ्या दांड्याच्या मधोमध लाइट गेली. पण यंत्र थांबलं नाही, बॅटऱ्यांनी भार उचलला. "आपन इन्व्हर्टरवाले हावो, भाऊ!" तो यंत्रालाच म्हणाला. तिसरा निघाला. चौथा निघाला. एकाही दांड्याला साधी चीरसुद्धा गेली नाही. चौघांना त्याने जवसाच्या तेलाने पुसलं, ओळीने उन्हात ठेवलं आणि मग कुठे खुर्चीत टेकला. चार दांडे झळकत होते. इतकं हलकं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

हे सुख रविवारच्या सकाळपर्यंत टिकलं.

रविवारी बंडू मिस्त्री बंगई जोडायला आला. दुपारपर्यंत दीपमाला आईला गाडीत घालून आणणार होती. पाट वऱ्हांड्यात मांडला, छताच्या कड्या तपासल्या. डावीकडचे दोन दांडे बंडूने सुलटे उभे केले. उजवीकडचा एक उचलला, उलटा केला आणि जाग्यावर धरला. थोडं मागे सरकून पाहिलं. मग पुन्हा सुलटा केला. पुन्हा उलटा.

"ओमभाऊ."

"काय?"

"हा उलटा होऊन नाई राह्यला."

"अबे, खालचं टोक वर कर ना."

"केलं ना. हे पाहा, हे वर होतं, आता खाली गेलं. पीळ तिकडंच जाते."

ओमप्रकाशने त्याच्या हातातून दांडा हिसकावला. उलटा केला. सुलटा केला. आडवा धरला. डोकं वाकडं करून पाहिलं. दुसरा दांडा घेतला, तिसरा घेतला. मग खाली वाकून दोन पायांमधून पाहिलं, हो, हेही केलं, आणि बंडू इतका भला माणूस, की हसला नाही. चारही दांड्यांचा पीळ एकाच अंगाला. कसेही धरा, कुठूनही पाहा.

आरती चहा घेऊन आली होती. ती दारातच थांबली.

"मी सांगतलं होतं ना," ती हळूच म्हणाली. "लाटन्याचं. कसंबी धरा, चट्टे एकाच अंगानं पडते."

तो मटकन पायरीवर बसला. दोराचं भेंडोळं कुठल्याही टोकाने उचला, त्याचा पीळ तोच राहतो, बाटलीचं झाकण उलटं धरलं म्हणून आटे बदलत नाहीत. ही गोष्ट जन्मभर डोळ्यासमोर होती. आणि आपण काय केलं? नवा दांडा करायला लाकूड नाही. झाडच नाही. त्याच्या डोळ्यासमोर न्हाणीजवळ पडलेली आई आली, दूधवाल्याची वाट पाहत. एका उण्यासाठी! एक उणे चिन्ह टाकलं असतं तर काय बिघडलं असतं रे तुझं?

"दांडे काढू अन् नुसती साखळी लावू," बंडू म्हणाला. "किंवा कापड गुंडाळू, फुलाच्या माळा सोडू. म्हाताऱ्या मानसाले काय दिसते?"

"तिले दिसत नाई, पन हात लावते ती. हातानं सगळं समजते तिले."

फोन वाजला. दीपमाला. "वलगाव टाकलं. येऊनच राह्यलो. अन् ऐक, आई म्हनते पेटी गाडीतच राहू द्या. बंगई पाहूनच उतरवू."

ओमप्रकाशने फोन ठेवला. क्षणभर त्याच्या मनात आलंही, माळा सोडाव्या, आजचा दिवस काढावा, उद्याचं उद्या पाहू. पण ज्या बाईने त्याला चालायला शिकवलं तिच्यासमोर फुलांनी चूक झाकायची, आणि तीही फुलं ओवण्यात जन्म गेलेल्या बाईसमोर, हे त्याच्याने होईना. "जोड जशी हाये तशी," तो बंडूला म्हणाला. "मी सांगतो तिले."

गाडी आली. जयवंताबाई दीपमालाच्या खांद्यावर भार देत उतरल्या, नऊवारी लुगडं, हातात काठी. सरळ बंगईजवळ गेल्या आणि काठी भिंतीला टेकवून दोन्ही हात पाटावर फिरवले. मग डावीकडचा दांडा चाचपला. बोटं पिळाच्या खाचेतून सावकाश वर सरकली. मग उजवीकडचा.

दीपमालाला तर डोळे होते. तिला एका नजरेत दिसलं.

"ओमा! हे चारही सारखेच हायेत!"

"हो."

"दोन उलटे पायजे होते ना? फोटो पाठवला होता ना मी तुले? मेल्या, एक काम धड..."

"चुकलं माहं." ओमप्रकाश बहिणीकडे पाहत नव्हता, आईकडे पाहत होता. "आई, मले वाटलं दांडा उलटा केला म्हंजे पीळ उलटा होते. नाई होत. लाकूड संपलं. दुसरं करता येत नाई. तुहं झाड वाया घातलं मी."

बंडू उगाच हातोडा पुसत बसला. जयवंताबाईंची बोटं अजून दांड्यावरच होती, खालून वर, वरून खाली. मग त्या दुसऱ्या बाजूला गेल्या आणि तिथेही तसंच केलं. ओमप्रकाशला वाटलं, आता काठी उचलतील.

"तुमाले झोका बांधला होता," म्हातारी म्हणाली, "त्याचे दोर कोनं वळले होते?"



"तूच वळले होते," दीपमाला म्हणाली. "अंबाडीचे."

"मांडीवर वळले होते. ह्या हातानं." त्यांनी उजवा हात वर केला. "दोन दोर होते झोक्याले. एक उलटा अन् एक सुलटा होता का? एका हाताचा पीळ एकाच अंगानं जाते, बाई. दोन तऱ्हेचे दोर दिसले त समजाव, दोघा जनाईनं वळले." दांडा त्यांनी थोपटला. "हे चारही एकाच हाताचे हायेत. असेच होते माहे दोर. त्या फोटोतली बंगई दुकानातली होती."

"पन तू मान डोलावली होती ना!" दीपमाला चिडून म्हणाली.

"मले त्या फोनमंधलं काय दिसते? तू बोलून राह्यली होती म्हनून डोलावली."

आरतीच्या हातातला ट्रे हलायला लागला. ती हसू दाबत होती. बंडूला दाबता आलं नाही, तो मोठ्याने हसला आणि त्याच्या मागोमाग दीपमालाही, डोळे पुसत. ओमप्रकाशला हसू येईना की रडू येईना. आईने पाटावर बूड टेकलं, सरकून नीट बसली, दोन्ही हातांनी दोन दांडे धरले आणि अंगठ्याने फरशीला हलका रेटा दिला. बंगई करकरली आणि झुलायला लागली.

"करकरते," जयवंताबाई म्हणाल्या. "तेल घालजो. अन् पेटी आन."

पेटी आन! ओमप्रकाश धावतच गेला. डिकी उघडली, कडी धरली आणि उचलली, तर पेटी उचलेना. त्याने दोन्ही हात लावले. लुगड्यांची पेटी इतकी जड? एवढं काय भरलंय म्हणून त्याने झाकण वर केलं. वर लुगडी होती. लुगड्यांखाली आईचा लोखंडी खलबत्ता. आणि खलबत्त्याच्या बाजूला, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात एकेक वेगळे गुंडाळलेले, देवघरातले देव. खंडोबाचा टाक. अन्नपूर्णा. घासून घासून नाकडोळे गेलेला बाळकृष्ण.

तो तसाच डिकीत वाकून उभा राहिला. परत जाणारं माणूस घरातले देव उचलून आणत नाही. वावरातल्या घराचं देवघर म्हातारीने सकाळीच रिकामं केलं होतं, बंगई पाहायच्या आधी. चारचे आठ पीळ चुकले असते तरी ती राहणारच होती.

पेटी छातीशी धरून तो वऱ्हांड्यात आला तेव्हा त्याचा चेहरा असा ओला झाला होता, की लपवायची सोय नव्हती.

"आई," तो म्हणाला, "अन् वंगाळ झाली असती तं?"

"तं खाली बसलो असतो." बंगई झुलतच होती. "अट नसती घातली त लाकूड तिथंच सडलं असतं. अन् तुमी दोघं भांडत बसले असते, आई कोनाकडं म्हनून."

ओमप्रकाशने पेटी खाली ठेवायला गुडघे वाकवले, तसा आईचा पाय फरशीवर टेकला आणि बंगई थांबली.

"खाली नको ठेवू, बावळ्या! देव हायेत त्याच्यात. आधी देव आत ने, मंग रडजो."